तिसऱ्याच पानावर सही

मृत्युपत्राला स्टॅम्प पेपर लागत नाही. वकील लागत नाही, टायपिंग लागत नाही, नोंदणीचीही सक्ती नाही. शाळेच्या वहीचं पान चालतं. खाली सही करा किंवा अंगठा उठवा, ते करताना दोन साक्षीदारांनी पाहिलेलं असू द्या, त्यांनी तुमच्यादेखत आपापल्या सह्या करू द्या, झालं. भारतीय उत्तराधिकार कायदा 1925, कलम 63. एवढ्या भांडवलावर कोटीची जमीन या हातातून त्या हातात जाते.

कायदा सोपा आहे ते चांगलंच आहे. वाडीवस्तीवरच्या माणसाला ऐन वेळी वकील कुठून मिळणार? पण जे करायला इतकं सोपं, ते खोटं करायलाही सोपं. आपल्याकडे विल करावं यावर पुष्कळ बोललं जातं. केलेलं विल जपावं कसं, यावर कोणी बोलत नाही. ‘आबांनी विल करून ठेवलंय’ असं घरातली माणसं समाधानानं सांगतात. ते किती पानांचं आहे, साक्षीदार कोण, दुसरी प्रत कोणाकडे, हे विचारलं की सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघतात.

शिरूर आणि दौंड तालुक्यांत हा प्रश्न आता पुस्तकी राहिलेला नाही. एके काळी इथली बरीचशी जमीन पावसावर. मग चिंचणीला घोड धरण झालं, चासकमानचा कालवा आला, दौंडच्या बाजूला खडकवासल्याचं पाणी फिरलं आणि बाजरीच्या जागी ऊस उभा राहिला. नंतर रांजणगाव, सणसवाडी, शिक्रापूर या पट्ट्यात कारखाने आले, तिकडे कुरकुंभला एमआयडीसी झाली, सोलापूर रस्त्यावर यवत-केडगाव-पाटसपर्यंत प्लॉटिंगचे फलक लागले. आजोबा एकरात बोलायचे, नातू गुंठ्यात बोलतो. जमिनीचा भाव चढला तसा म्हाताऱ्या माणसाच्या सहीचाही भाव चढला. हे ज्याला सगळ्यात आधी कळलं तो जमिनीचा मालक नव्हता. त्याच्या भोवतीची माणसं होती.

आता हे विल ठेवलेलं असतं कुठं? घरातल्या लोखंडी कपाटात, सोसायटीच्या पासबुकांखाली, एका कॅरीबॅगेत गुंडाळून. कपाटाची किल्ली थोरल्याकडे, नाही तर थोरल्या सुनेकडे. म्हणजे त्या कागदात ज्याच्या मनाविरुद्ध काही लिहिलेलं असण्याचा संभव सर्वांत जास्त, कागद त्याच्याच ताब्यात. सगळेच थोरले वाईट नसतात, बहुतेक नसतातच. पण कागदाची राखण माणसाच्या चांगुलपणावर सोपवायची नसते. चांगल्या माणसालाही दहा वर्षांत कर्ज होतं, दुसऱ्याचं ऐकायची वेळ येते.

फेरफार कसा होतो ते जरा जवळून बघा.

तीन पानांचं टाइप केलेलं विल. सही फक्त तिसऱ्या पानावर, शेवटी. साक्षीदारांच्या सह्याही तिथंच. कायद्याला हे चालतं. प्रत्येक पानावर सही हवी असं कलम 63 म्हणत नाही. कोणाला काय द्यायचं ते मात्र पहिल्या आणि दुसऱ्या पानावर. आबा गेल्यावर पिन काढायची, पहिली दोन पानं फाडून टाकायची, दोन नवी टाइप करून घ्यायची आणि पुन्हा पिन मारायची. सही खरी, साक्षीदार खरे, तारीख खरी. गट नंबर तेवढे बदललेले. साक्षीदार कोर्टात उभा राहून शपथेवर सांगेल की ही सही माझ्यासमोर झाली, आणि तो खोटं बोलत नसेल. आत काय लिहिलं होतं ते त्याला कधी वाचून दाखवलेलंच नव्हतं.

अशा कागदाचं दुखणं शोधायला आधी पिनेची भोकं बघावीत. पहिल्या दोन पानांना एका पिनेची दोन आणि तिसऱ्याला चार भोकं असतील, तर थांबा. मग कागद उजेडात धरा. पहिल्या दोन पानांचा पांढरेपणा तिसऱ्यापेक्षा वेगळा आहे का? दुसऱ्या पानाचं शेवटचं वाक्य आणि तिसऱ्याचं पहिलं वाक्य नीट जुळतं का, की मधेच तुटल्यासारखं वाटतं? घडी सगळ्या पानांवर एकाच जागी पडली आहे का? कोऱ्या कागदावर आधी सही घेऊन वर मजकूर भरला असेल, तर ओळी खाली येता येता दाटीवाटीनं बसतात, नाही तर मजकूर आणि सही यांच्यात उगाच मोकळी जागा राहते. पुढे शंका कोर्टात गेली तर हस्ताक्षर आणि कागदपत्रांची तपासणी करणारे सरकारी परीक्षक आहेत. पण भोकं मोजायला तज्ज्ञ लागत नाही. मूळ कागद हातात घेऊन बघायचा आग्रह लागतो. झेरॉक्सवर पिनेची भोकं कळत नाहीत. म्हणूनच झेरॉक्स पुढे केली जाते.

दुसरा प्रकार याहून घातकी. तिथं विल बदलत नाहीत, विलाच्या नावाखाली वेगळाच दस्त करून घेतात. ‘आबा, मृत्युपत्राची सही आहे, इथं करा.’ आबांचा चष्मा घरी राहिलेला. दस्त निघतो बक्षीसपत्राचा, किंवा कुलमुखत्यारपत्राचा. विल माणूस मेल्यावरच लागू होतं आणि जिवंत असेपर्यंत शुद्धीवर असलेल्या माणसाला ते कितीदाही बदलता येतं, रद्द करता येतं. नोंदवलेलं बक्षीसपत्र मात्र सही झाली की झालं, जमीन गेली. ते परत फिरवायला कोर्ट गाठावं लागतं. सांभाळ करण्याच्या अटीवर दिलेली मिळकत असेल आणि पुढे सांभाळ होत नसेल, तर 2007 च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याच्या कलम 23 खाली न्यायाधिकरणाकडे दाद मागता येते. ती अट दस्तात लिहून घेतलेली बरी. त्यापेक्षा सही करण्याआधी एक प्रश्न सगळ्यांच्या देखत मोठ्यानं विचारावा, ‘हा दस्त कसला आहे?’ सबरजिस्ट्रारच्या टेबलापुढे उभं राहून विचारावा. लाजू नये. जमीन तुमची आहे.

वकील आणि दस्तलेखक मंडळींनाही इथंच सांगतो. समोर बसलेल्या म्हाताऱ्या माणसाला मजकूर वाचून न दाखवता तुम्ही बोट ठेवून ‘इथं’ म्हणता, ते बोट तुमचं असतं. फी मुलानं दिली म्हणून पक्षकार मुलगा होत नाही. मुलाला पाच मिनिटं बाहेर बसवा, आबांना एकट्याला विचारा. ही पाच मिनिटं पुढची पंधरा वर्षं वाचवतात.

पंधरा वर्षं हा आकडा फुगवलेला वाटेल, तर पुण्याचाच एक जुना दाखला घ्या. सरदार बाबा महाराज पंडित 7 ऑगस्ट 1897 रोजी पटकीनं गेले. शेवटच्या काही तासांत त्यांनी मृत्युपत्र केलं आणि मिळकतीची व्यवस्था लोकमान्य टिळक, दादासाहेब खापर्डे वगैरे विश्वासातल्या माणसांवर सोपवली. टिळक स्वतः त्या वेळी राजद्रोहाच्या खटल्यात नुकतेच जामिनावर सुटले होते. बाबा महाराजांमागे मूल जन्मलं, पण जगलं नाही. मग 1901 साली औरंगाबादला त्यांच्या विधवा पत्नी ताई महाराजांनी जगन्नाथ नावाच्या मुलाला दत्तक घेतलं आणि पुढे तेच दत्तक विधान नाकारून कोल्हापूरकडचा दुसरा मुलगा घेतला. वाद पेटला. 1902 मध्ये जिल्हा न्यायाधीश अॅस्टन यांनी टिळकांविरुद्ध निकाल दिला. खोटी शपथ घेतली, खोटा पुरावा रचला, अशा आरोपांवर 1903 मध्ये टिळकांना अठरा महिन्यांची शिक्षा झाली. अपिलात ती सहा महिन्यांवर आली आणि 1904 मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं त्यांना निर्दोष सोडलं. जगन्नाथाच्या दत्तकाचा दिवाणी निकाल लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलकडून यायला 1915 साल उजाडलं. कागद खरा, करणारा शहाणा, सांभाळणारे टिळक-खापर्डे. तरीही अठरा वर्षं. तुमच्या विलाची अंमलबजावणी ज्याच्यावर सोपवलीत, तो कोण आहे? आणि तुम्ही ते कधी करणार आहात, धडधाकट असताना की दवाखान्याच्या खाटेवर सलाइन चालू असताना?

खाटेवर केलेलं विल रद्दच असतं असं नाही. पण ज्या विलावर सगळ्यात जास्त संशय घेतला जातो, ते हेच. तो संशय कोणी दूर करायचा याचं उत्तर आपल्याच एका माणसानं देऊन ठेवलं आहे. साताऱ्यात जन्मलेले न्यायमूर्ती प्र. बा. गजेंद्रगडकर. म्हैसूरकडच्या एका मृत्युपत्राच्या खटल्यात, वेंकटचल अय्यंगार विरुद्ध थिम्मजम्मा, त्यांनी सर्वोच्च न्यायालयाच्या वतीनं निकाल लिहिला. कायद्याच्या पुस्तकांत तो 1959 सालचा म्हणून सापडतो. त्याचं सार असं. विल खरं आहे हे ते पुढे करणाऱ्यानं सिद्ध करायचं. संशयाची कारणं असतील तर तीही त्यानंच दूर करायची. आणि ज्यानं विल करून घेण्यात पुढाकार घेतला त्यालाच मोठा लाभ मिळत असेल, तर ते स्वतःच एक संशयाचं कारण आहे. सही करणारा माणूस कोर्टात येऊन हो-नाही सांगू शकत नाही, म्हणून ही कडक नजर. पुढे 1976 च्या जसवंत कौर निकालात न्यायमूर्ती यशवंत चंद्रचूडांनी हीच दिशा पक्की केली. चंद्रचूडांचं मूळ गाव कन्हेरसर, शिरूरच्या शेजारच्या खेड तालुक्यात. दोन मराठी न्यायाधीशांनी बांधून दिलेला नियम आपल्याच गावांतल्या लेकींना ठाऊक नसावा, याचं मला वाईट वाटतं.

लेकी म्हणतो ते मुद्दाम. या दोन तालुक्यांत खोट्या विलाचा वार बहुतेक वेळा बहिणीवर होतो. भाऊबंदकीत भाऊ भावाशी बांधावर भांडून घेतो. सासरी गेलेल्या बहिणीला मात्र दहाव्याला ‘बाबांनी विल केलं होतं’ एवढंच ऐकवलं जातं आणि वर माहेर तुटण्याची भीती घातली जाते. आधी हक्कसोड मागतात. तिनं नाही म्हटलं की विल निघतं. बाबांच्या आयुष्यात ज्याचा कधी उल्लेख झाला नाही असा कागद हक्कसोड नाकारल्यानंतरच सापडतो, यातच काय ते समजा.

तेव्हा पहिली गोष्ट. वडिलोपार्जित जमीन असेल तर बापाला विल करता येतं ते फक्त स्वतःच्या हिश्शाचं. हिंदू उत्तराधिकार कायद्यात 2005 साली झालेल्या दुरुस्तीनं मुलगी जन्मानंच हिस्सेदार झाली. वडील 2005 पूर्वी वारले असले तरी तिचा हक्क जात नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं 11 ऑगस्ट 2020 रोजी विनीता शर्मा प्रकरणात स्पष्ट केलं. आधीच कायदेशीर पूर्ण झालेली वाटणी तेवढी उलगडत नाही. म्हणजे विल अगदी अस्सल असलं तरी तुझा स्वतःचा हिस्सा त्या कागदानं जात नाही, बाई. ‘विल आहे’ एवढं ऐकून सही करू नकोस.

दुसरी गोष्ट. खोटी विलं पकडण्यात लेकींचा हात मोठा आहे. फरीदकोटचे महाराज हरिंदर सिंग ब्रार 1989 मध्ये गेले. 1982 सालचं म्हणून एक विल पुढं आलं आणि हजारो कोटींची मिळकत एका ट्रस्टकडे गेली; थोरली मुलगी अमृत कौर त्यात बेदखल. ती कोर्टात गेली. खालचं कोर्ट, उच्च न्यायालय आणि शेवटी सप्टेंबर 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालय, तिन्ही ठिकाणी ते विल बनावट ठरलं. त्याहून भयंकर प्रकरण इंग्लंडचं. 1998 मध्ये हाइड गावात कॅथलीन ग्रंडी या वृद्ध बाई वारल्या आणि त्यांनी सगळं आपल्या डॉक्टरच्या नावे केल्याचं विल निघालं. त्यांची मुलगी स्वतः वकील. आई असा गचाळ टाइप केलेला कागद करणार नाही, हे तिला दिसताक्षणी कळलं. पोलिसांना तो टाइपरायटर डॉक्टरकडेच सापडला. विलाच्या मागे लागता लागता खून बाहेर आले. जानेवारी 2000 मध्ये डॉक्टर हॅरॉल्ड शिपमनला पंधरा खुनांबद्दल आणि त्या बनावट विलाबद्दल शिक्षा झाली. एका मुलीनं एक कागद नीट वाचला म्हणून.

आता राखण. फुकटातली आधी सांगतो.

प्रत्येक पानावर सही करा. दोन्ही साक्षीदारांच्याही प्रत्येक पानावर सह्या घ्या. पानावर ‘तीनपैकी एक’, ‘तीनपैकी दोन’ असं लिहा आणि शेवटी ‘हे मृत्युपत्र एकूण तीन पानांचं आहे’ हे वाक्य घाला. मजकुराखाली उरलेल्या कोऱ्या जागेवर आडवी रेघ ओढा. जमेल त्यानं संपूर्ण विल स्वतःच्या हस्ताक्षरात लिहावं. पान बदलणाऱ्याला मग नुसती सही गिरवून भागत नाही, सगळं अक्षर गिरवावं लागतं. खाडाखोड टाळा. झालीच तर त्या जागेजवळ समासात तुमची आणि साक्षीदारांची सही हवी. सही झाल्यानंतर नुसती केलेली खाडाखोड कलम 71 प्रमाणे कवडीमोल आहे, ती तुम्ही स्वतः केलेली असली तरी. गट नंबर, क्षेत्र, चतुःसीमा आकड्यांत आणि अक्षरांतही लिहा. एकाचा सात करायला एक रेघ पुरते.

साक्षीदार निवडताना वय बघा. आपण आपल्या वयाचे मित्र घेतो आणि विल उघडायची वेळ येते तेव्हा तेही गेलेले असतात. कोर्टात किमान एका साक्षीदाराला उभं करावं लागतं, तो हयात आणि सापडण्यासारखा असेल तर. म्हणून तुमच्याहून वीस वर्षांनी लहान, गावात टिकून राहणारा, ज्याला विलातून काही मिळणार नाही असा माणूस घ्या. ख्रिस्ती-पारशी विलात साक्षीदाराला किंवा त्याच्या नवऱ्याबायकोला दिलेली देणगी कलम 67 नं बादच होते. हिंदूंना ते कलम लागू नाही, पण लाभ घेणारा साक्षीदार दिसला की न्यायाधीशाची भुवई वर जाते. साक्षीदाराला विल पूर्ण वाचून दाखवायची सक्ती नाही. मी म्हणतो, दाखवा. पानं बदलली तर ओळखणारा तोच असतो.

त्याच दिवशीचं डॉक्टरांचं प्रमाणपत्र जोडा. व्हिडिओ काढणार असाल तर आबांना आपल्या शब्दांत बोलू द्या. ‘आबा, हे तुम्ही मर्जीनं केलं ना, हो म्हणा’ असा व्हिडिओ तुमच्याच अंगाशी येईल. आणि व्हिडिओ म्हणजे विल नव्हे. सही आणि साक्षीदारांशिवाय त्याला काही अर्थ नाही.

आता सरकारी राखण. नोंदणी सक्तीची नाही म्हणून लोक ती टाळतात. मला हे न समजणारं कोडं आहे. विलाला मुद्रांक शुल्क नाही. सबरजिस्ट्रारकडे दस्त दिला की तुमचा फोटो निघतो, अंगठा यंत्रावर घेतला जातो, ओळख पटवणारे हजर असतात, आणि पानन् पान स्कॅन होऊन सरकारी दप्तरात जमा होतं. मग कपाटातली दोन पानं बदलून काय होणार? घरातला कागद जाळला तरी प्रत निघते. लोकांना धास्ती असते की नोंदवलं तर गावभर होईल. होत नाही. विलांची नोंद तिसऱ्या क्रमांकाच्या पुस्तकात होते आणि तुम्ही हयात असेपर्यंत तिची नक्कल तुम्हाला किंवा तुमच्या मुखत्यारालाच मिळते. तुमच्या मागे मात्र कोणीही अर्ज करून मागू शकतो. खाटेवरून उठवत नसेल तर कारण देऊन अर्ज करता येतो, अधिकारी घरी येऊ शकतो. नोंदणी कायदा 1908, कलम 31.

ज्यांना मजकूर सरकारलाही दाखवायचा नाही, त्यांच्यासाठी त्याच कायद्यात कलम 42 आहे. विल पाकिटात घालायचं, पाकीट लाखेनं बंद करायचं, वर नाव आणि कागदाचं स्वरूप लिहायचं आणि जिल्हा निबंधकाकडे जमा करायचं. हे काम शिरूर-दौंडच्या दुय्यम निबंधकाकडे होत नाही, पुण्याला जावं लागतं. तिथं पाकिटाची नोंद दिवस आणि तासासह होते आणि ते अग्निरोधक पेटीत ठेवलं जातं. तुम्ही गेल्यावर कोणी अर्ज केला की त्याच्यासमोर उघडतात, नक्कल पुस्तकात उतरवतात आणि मूळ कागद पुन्हा आत जातो. ही सोय 1908 च्या कायद्यातच आहे. खेड्यात शंभर जणांना विचारा, किती जणांना माहीत आहे.

एक भोक मात्र नोंदणीनंही बुजत नाही. शेवटचं विल खरं, मग ते नोंदवलेलं नसलं तरी. तुमच्या नोंदणीकृत विलानंतरची तारीख घालून कोणी साध्या कागदावर दुसरं विल आणू शकतं. यावर पक्का इलाज कायद्यात नाही. पण आपल्या विलात एक वाक्य घालता येतं, ‘यापुढे मी मृत्युपत्र बदलल्यास तेही नोंदवूनच बदलेन.’ हे वाक्य तुमचे हात बांधत नाही. पण उद्या कोणी साधा कागद घेऊन आला तर न्यायाधीश त्याला पहिला प्रश्न हाच विचारील, की नोंदवूनच बदलेन म्हणणारा माणूस अचानक साध्या कागदावर का आला? गजेंद्रगडकरांचा नियम मग त्याच्या मानगुटीवर बसतो.

आणि चावडी. खोटं विल सगळ्यात आधी कोर्टात जात नाही, ग्राम महसूल अधिकाऱ्याकडे जातं, म्हणजे आपल्या तलाठ्याकडे. पुणे जिल्ह्यात हिंदूंच्या विलाला प्रोबेटची, म्हणजे कोर्टाकडून ते शाबीत करून घेण्याची, सक्ती नाही, त्यामुळे कागद दाखवायचा आणि सातबाऱ्यावर नाव लावून घ्यायचं, हा जवळचा रस्ता. नोंद धरली की हितसंबंधितांना नोटीस जायला हवी, हरकतीला पंधरा दिवस मिळतात, मग मंडळ अधिकारी नोंद मंजूर करतो. पुण्या-मुंबईत राहणाऱ्या बहिणीचा पत्ता नोटिशीवर ‘मु.पो. तेच गाव’ असा टाकला की पंधरा दिवस गुपचूप निघून जातात. म्हणून वडील गेल्यावर बहिणींनी वाट बघू नये. वारस नोंदीचा अर्ज स्वतः द्यावा. ‘आपली चावडी’ या सरकारी संकेतस्थळावर गाव निवडलं की चालू फेरफारांच्या नोटिसा मोबाइलवर दिसतात. आठवड्यातून एकदा बघाव्यात. लेखी हरकत द्यावी आणि तिची पोच घ्यावी. हरकत आली की नोंद वादग्रस्त होते, सुनावणी लागते. आणि नोंद झाली तरी खचू नये. फेरफार महसुलासाठी असतो, त्यानं मालकी ठरत नाही. ती दिवाणी कोर्ट ठरवतं.

मंडळ अधिकाऱ्यांना एकच सांगणं. समोर विल आलं की मूळ कागद मागा आणि बहिणींना फोन करा. नंबर अर्जावर नसेल तर अर्जदाराला तो द्यायला लावा.

पानं बदलणाऱ्यालाही सांगून ठेवतो. विल बनावट करण्याला भारतीय न्याय संहितेच्या कलम 338 खाली जन्मठेपेपर्यंत शिक्षा आहे. विल नष्ट करणं, फाडणं, इतकंच काय, लबाडीनं लपवून ठेवणं हाही गुन्हा आहे, कलम 343, तिथंही जन्मठेपेपर्यंत. हे नवीन नाही. 1860 च्या दंडसंहितेत 467 आणि 477 म्हणून तेच होतं. ‘घरातला कागद होता, घरातच राहिला’ हा बचाव नाही.

आपल्याकडे घोड आणि भीमेच्या काठी दशक्रियेला पुढारी येतात. आमदारकीचे इच्छुक येतात, कारखान्याचे संचालक येतात, एकामागून एक श्रद्धांजलीची भाषणं होतात. गेलेला माणूस किती मोठा होता हे सांगण्यात तास जातो, आणि समोरच्या बायकांच्या रांगेत त्याच्या लेकी खाली मान घालून बसलेल्या असतात. त्या तासातली दोन मिनिटं कोणी तरी या विषयाला द्यावीत. माइकवरून सांगावं, की सह्या करायची घाई करू नका, मूळ विल बघायला मागा, बहिणींना नोटीस पोचू द्या. पाच-सहाशे माणसं एका वेळी ऐकतात. असा श्रोता दुसऱ्या कुठल्या सभेला मिळत नाही.

आणि ज्यांचं विल अजून व्हायचं आहे किंवा नुसतंच करून ठेवलं आहे, त्या सगळ्या आबांना, तात्यांना, आक्कांना विनंती. दुय्यम निबंधकाचं कार्यालय शिरूरलाही आहे आणि दौंडलाही. हातीपायी धड आहात तोवर स्वतः जा, दोन तरुण साक्षीदार बरोबर न्या, दस्त नोंदवा. पावतीवर दस्त क्रमांक आणि तारीख असते. घरी यायच्या आधी तिचा फोटो काढा आणि मुलाला पाठवाल तसाच लेकीलाही पाठवा.